मदत हवी आहे: पॉवर प्रेसमध्ये दोन बोटं गेली, मालक 50,000 देऊन स्टॅम्प पेपरवर मिटवू म्हणतात

टाचणवही:
भोसरीतलं छोटं प्रेस शॉप. हजेरीपटावर 9 जण, शिवाय लेबर ठेकेदाराचे 2 हेल्पर. सप्टेंबर 2025 मध्ये 28 वर्षांच्या ऑपरेटरच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. पगार 14,500. दवाखान्याचं 62,000 चं बिल मालकांनी भरलं, पण तो दोन महिने घरी होता त्याचे पैसे दिले नाहीत. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नाही, विमा पॉलिसी नाही. आता 50,000 देऊन "काही येणं बाकी नाही" असं 500 च्या स्टॅम्पवर लिहून घ्यायचंय. मालक असंही म्हणतात की मशिनचा सुरक्षा गार्ड त्यानेच काढला होता. हिशेब माझ्याकडे असल्याने कागद मीच करायचाय. चालेल का? खरी रक्कम किती?

कलम_चार:
तो कागद करू नका. अपघात 21 नोव्हेंबर 2025 च्या, म्हणजे नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याच्या आधीचा, त्यामुळे 1923 चाच कर्मचारी भरपाई कायदा धरायचा. त्याच्या कलम 17 प्रमाणे हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो, मग स्टॅम्प 500 चा घ्या नाहीतर 5,000 चा.

रक्कम अशी: पगाराचे 60 टक्के म्हणजे 8,700. अनुसूची 4 मध्ये 28 वर्षांचा गुणक 211.79. गुणाकार 18,42,573. एका हाताची दोन बोटं गेली तर अनुसूची 1 मध्ये 20 टक्के, म्हणजे 3,68,515. (पगार 18,000 असता तरी 15,000 च धरले असते, तेवढी मर्यादा आहे.) शिवाय घरी बसल्याचे दर पंधरवड्याला पगाराच्या 25 टक्के, 3,625 प्रमाणे चार हप्ते, 14,500. अपंगत्व 28 दिवसांपेक्षा जास्त टिकलं, त्यामुळे पहिले तीन दिवसही कापता येत नाहीत.

62,000 यातून वळते होत नाहीत. उपचाराचा खर्च भरपाईत धरायचा नाही, असं कलम 4 च्या स्पष्टीकरणातच आहे. इथेच सगळ्या मालकांचा हिशेब चुकतो.

अपघातापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के सरळ व्याज, इथे दरमहा साधारण 3,685. सबळ कारण नसेल तर वर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

पेरापेराने:
एक भर. डिस्चार्ज कार्ड बघा. बऱ्याचदा नुसतं "क्रश इंज्युरी, उजवा हात" लिहून सोडतात. बोट कोणत्या पेरापासून गेलं यावर टक्के ठरतात: तर्जनी पूर्ण 14, दोन पेरं 11, एक पेर 9, मधलं बोट पूर्ण 12, दोन पेरं 9, एक पेर 7. डॉक्टरांकडून पेरासकट लिहून घ्या आणि एक्स-रे जपून ठेवा.

आणि 20 टक्क्यांवर भागेलच असंही धरू नका. 1976 च्या प्रताप नारायण सिंग देव प्रकरणात सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता, तक्त्याप्रमाणे टक्केवारी कमी होती. सर्वोच्च न्यायालयाने एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून 100 टक्के धरले. कामगाराचा वकील हा निकाल काढणारच.

टाचणवही:
गार्डचं काय?

कलम_चार:
त्याने मुद्दाम काढला हे मालकांनी सिद्ध करायचं. निष्काळजीपणा पुरत नाही. दोन्ही हातांनी दाबायची बटणं बंद करून प्रेस पायाच्या पॅडलवर चालवत होते का, ते आधी विचारा. नग जास्त निघावेत म्हणून सुपरवायझरनेच तसं करायला लावलं असेल, तर हा बचाव टिकत नाही.

अकरावा_माणूस:
सगळे गणितात शिरलात, डोकी कुणी मोजलीच नाहीत. 9 अधिक 2 म्हणजे 11. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात मागच्या 12 महिन्यांत एखाद्या दिवशी जरी 10 माणसं असली तरी ईएसआय लागू होतो, आणि ठेकेदाराचे हेल्पर त्यात धरतात. (मालक स्वतः मशिनवर उभे राहत असतील तर ते नाहीत.) पगार 21,000 च्या आत, म्हणजे हा ऑपरेटर ईएसआयमध्ये येतो. मग ईएसआय कायद्याच्या कलम 53 मुळे 1923 च्या कायद्याखाली दावाच करता येत नाही. नोंदणी केली नव्हती ही चूक मालकांची, कामगाराचा लाभ त्याने जात नाही.

त्याला मिळेल ते असं: घरी बसल्याच्या काळात रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के, आणि पुढे मेडिकल बोर्डाने 20 टक्के ठरवले तर अंदाजे 2,610 दरमहा, आयुष्यभर. ईएसआय महामंडळ हा खर्च मालकांकडून वसूल करू शकतं. मागची वर्गणी (मालकाची 3.25, कामगाराची 0.75 टक्के, आता दोन्ही मालकांच्याच खिशातून) 12 टक्के व्याजासह भरायची, ती वेगळीच.

टाचणवही:
म्हणजे 3.68 लाख द्यायचे की नाही?

अकरावा_माणूस:
आधी ठेकेदाराची बिलं आणि हजेरी वर्षभराची काढा. 10 भरत असतील तर आजच नोंदणी करून अपघाताची माहिती ऑनलाइन भरा. भरत नसतील तरच कलम_चार यांचा हिशेब.

कलम_चार:
बरोबर, हेल्पर माझ्या नजरेतून सुटले. 10 भरले नाहीत आणि तडजोड करायची झाली, तर पूर्ण रकमेची करा आणि 1923 च्या कायद्याच्या कलम 28 खाली कराराचा मसुदा भरपाई आयुक्तांकडे नोंदवा. नोंदवला नाही तर पूर्ण भरपाई द्यावी लागते आणि आधी दिलेल्यातले निम्म्याहून जास्त वजा करता येत नाहीत. 50,000 दिलेत तर 25,000 च धरले जातील. कामगाराला अर्ज करायला दोन वर्षं आहेत, सप्टेंबर 2027 पर्यंत, आणि तो गावी राहायला गेला असेल तर तिथूनही करू शकतो.