डिचोलीचं घर (फॅमिली ग्रुप): आई अमेरिकेत, मोंटानाला ताईकडे निघाली

आत्या, फोंडा: ताईने टाकलेला फोटो पाहिला. दाराशी बर्फ चिंगीच्या खांद्याएवढा आणि ती त्यात बसून हसतेय. उणे 21! एवढ्या थंडीत पोरांना बाहेर काढतातच कशाला? मी म्हणते, आईने तिकडे जाण्यापेक्षा ताईनेच चिंगीला आणि बाळाला घेऊन इकडे यावं. उन्हाळा लागला की परत जावं.

काका, साखळी: मलाही तेच वाटतं. तान्हं मूल, लाकडाचं घर, हाकेच्या अंतरावर शेजार नाही. मी वाचलं, मोंटानात रॉजर्स पास म्हणून घाट आहे, तिथे 20 जानेवारी 1954 ला उणे 57 अंश नोंदलं गेलं. अलास्का सोडला तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याहून कमी कुठेच नाही म्हणे.

आई: तिकीट झालंय, पण जीव थाऱ्यावर नाही. बाय, तू फोनवर नुसतं "सगळं बरं आहे" म्हणतेस. एकदा नीट लिही बघू.

ताई, मोंटाना: इथे रात्र झालीय, दोघंही झोपलीत. लिहिते.

काका, तो आकडा खरा आहे, पण तो उंच घाट. आमचं गुरांचं रँच खाली खोऱ्यात आहे. आणि आत्या, फोटो काढला तेव्हा चिंगी बाहेर होती फक्त दहा मिनिटं. मी आधी आकडा बघत नाही, वारा बघते. वारा पडलेला असेल आणि ऊन असेल तर उणे 10 ला ती मजेत खेळते. वाऱ्यासकट थंडी उणे 28 च्या खाली गेली की उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. असल्या दिवशी मुलं उंबऱ्याबाहेर जात नाहीत.

दुसरं म्हणजे ओल. कोरडं मूल थंडी सोसतं, ओलं मूल सोसत नाही. म्हणून अंगालगत सुती काही घालत नाही. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही, अंगातली ऊब काढून घेतो. आधी पातळ लोकर, वर फ्लीसचा मऊ लवदार कपडा, त्यावर वारा-पाणी अडवणारा सूट. चिंगी आत आली की आधी मोजे काढून तिची बोटं माझ्या हातात धरते. गार आणि लाल असली तर ठीक. पांढुरकी पडून कडक लागली तर तो हिमदंश. मग चोळायचं नाही, कोमट पाण्यात धरायची आणि डॉक्टरला फोन करायचा.

वहिनी, पर्वरी: बरोबर. चोळल्याने कातडीला जास्त इजा होते. ताई, मला तुमच्या लाकडाच्या स्टोव्हची जास्त काळजी वाटते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना?

ताई, मोंटाना: दोन आहेत, एक झोपायच्या खोलीबाहेर आणि एक स्वयंपाकघराकडे. लाकडाच्या स्टोव्हचं धुराडं हिवाळ्याआधी साफ करून घेतलं. त्यात काजळी साचली की तीच पेट घेते. पण खरी नजर ठेवावी लागते प्रोपेन गॅसच्या हीटरवर. त्याची नळी बाहेरच्या भिंतीतून निघते आणि वाऱ्याने तिथेच बर्फाचा ढीग लागतो. तोंड बंद झालं तर तो विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात फिरतो, वास येत नाही, काही नाही. वादळ थांबलं की हे गुरांकडे जातात आणि मी फावडं घेऊन त्या नळीकडे.

आई, तू हवी आहेस ती यासाठी. मी बाहेर असते तेव्हा बाळ कुणाकडे? चार वर्षांच्या चिंगीकडे आणि तापलेल्या स्टोव्हजवळ त्याला सोडता येत नाही. स्टोव्हला चारी बाजूंनी जाळी लावलीय, तीन फुटांत कपडा नाही, खेळणं नाही. तरी मोठं माणूस घरात लागतंच.

मी: आई, तुझ्या यादीत ओवा, वावडिंग आणि मातीची शेगडी आहे. शेगडी कशाला?

आई: बाळाला न्हाऊ घातल्यावर धुरी द्यायला. तुम्हा तिघांनाही दिली होती.

वहिनी, पर्वरी: आई, धुरी नको. आपल्या घराला कौलं, वरून धूर जातो. खिडक्या उघड्या. ते घर ऊब राहावी म्हणून सगळीकडून बंद केलेलं असतं, आणि कोळशाच्या निखाऱ्यांतून नेमका तोच वायू निघतो. बाळाच्या छातीलाही धूर बरा नव्हे. मालीश मात्र जरूर करा.

आई: बरं. शेगडी काढली. तेल तरी नेऊ ना?

ताई, मोंटाना: तेल आण. खोबरेल 24 अंशांखाली थिजतं, इथे कपाटात बाटली कायम मेणासारखी पांढरी असते. मी ती पेलाभर गरम पाण्यात उभी करते. आधी कडेने पाघळतं, मध्ये पांढरा गोळा तरंगत राहतो, आणि चिंगी तो बोटाने ढकलते. मालीश दुपारी, दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतं तेव्हा.

काका, साखळी: गुरांचं काय? जावई रात्री पण जातात का गोठ्यात?

ताई, मोंटाना: काका, गोठा असा नाहीच. अँगस जातीच्या गाई, उघड्यावरच राहतात. गवताचे गठ्ठे रोज ट्रॅक्टरने नेऊन टाकायचे, पाण्याच्या टाकीवरचं बर्फ फोडायचं. फेब्रुवारीत व्यायला लागल्या की हे रात्रीत दोन-तीनदा फेरी मारतात. वासरू ओलं पडतं आणि तासाभरात अंग वाळलं नाही तर कानाची आणि शेपटीची टोकं गोठून झडतात. तसं वासरू थेट आमच्या पुढच्या खोलीत येतं, जिथे आम्ही बूट काढतो तिथे. जुन्या टॉवेलांनी खसाखसा पुसायचं, चीक बाटलीने पाजायचा. गेल्या वर्षी एक काळं वासरू आणलं, त्याच्या पापण्यांवर बर्फाचे कण होते. चिंगी एकेक कण विरघळताना बघत बसली. त्याने जीभ काढून बाटली ओढली तेव्हा टाळ्या वाजवल्या तिने. मला ते तिचं बालपण फार मोलाचं वाटतं. म्हणून तिला उचलून तिकडे आणायचं माझ्या मनात येत नाही, आत्या. राग मानू नका.

आत्या, फोंडा: राग कसला गो. वाचून डोळे भरले.

वहिनी, पर्वरी: वासराला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला शिवायचं नाही, हे चिंगीला शिकवलंय ना? वासरांच्या हगवणीचे जंतू माणसांनाही लागतात, लहान मुलांना तर पटकन.

ताई, मोंटाना: हो. ते बूट आणि तो सूट पुढच्या खोलीतच राहतात, आत येत नाहीत.

काका, साखळी: आणि लाईट गेली तर?

ताई, मोंटाना: जाते. लाईट गेली की विहिरीचा पंप बंद, म्हणजे पाणीही बंद. वादळाचा अंदाज आला की बादल्या, पातेली, टब सगळं भरून ठेवतो. लाईट असते तेव्हा नळ थेंबथेंब चालू ठेवतो, म्हणजे पाइप गोठत नाही. बाकी आपल्याकडे मिरगाआधी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात ना, तसंच इथे ऑक्टोबरात. डाळी, बटाटे, पीठ, बाळाचे लंगोट, तापाचं औषध, सरपण.

आत्या, फोंडा: मग आईला काही शिकवायला नको. तिचं पुरुमेंत ऑगस्टपर्यंत पुरायचं.

ताई, मोंटाना: एक सांगू? थंडीपेक्षा मला डिसेंबरातला अंधार जड गेला. जेमतेम साडेआठ तासांचा दिवस. साडेचारला काळोख, हे बाहेर, आणि मी दोन मुलांशी एकटीच बोलतेय. बाळाला रोज 400 युनिट व्हिटॅमिन डीचे थेंब देते, पण आईशी बोलायचे थेंब मिळत नाहीत. चिंगी मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. आई, तू आलीस की तिच्याशी इंग्रजीतून बोलायचं नाही.

आई: मला येतंय कुठे. आपोआपच होईल ते.

मी: सामानाचं बोलूया. उकडे तांदूळ काढ आई. भारतातून बॅगेत तांदूळ न्यायला तिकडे बंदी आहे, धान्यात पडणाऱ्या खपरा किड्यामुळे. तिजानासाठी, म्हणजे नाचण्याच्या पेजेसाठी, पीठ ठेव, आणि खाण्याचं जे काही असेल ते कस्टमला आधीच सांगायचं, लपवायचं नाही.

ताई, मोंटाना: स्वेटर विकत घेऊ नका. तुझ्या मापाचा कोट आणि पकड असलेले बूट घेऊनच विमानतळावर येतो. इथे मध्येच चिनूक नावाचा डोंगरावरून येणारा उबदार वारा सुटतो, बर्फ वितळतं आणि रात्री त्याचीच काच होते. इथल्या लोमा गावी 1972 च्या जानेवारीत एका दिवसात उणे 48 वरून 9 अंशांवर पारा चढला होता. पायऱ्यांवर आम्ही वाळू टाकतो, पण तू पावलं लहान टाकायची आणि कठडा सोडायचा नाही.

आत्या, फोंडा: मी गोधडी शिवलीय. जुन्या नऊवारीची. ती तरी चालेल?

वहिनी, पर्वरी: चालेल आत्या, पण बाळ एक वर्षाचं होईपर्यंत पाळण्यात नको. सुटं पांघरूण तोंडावर येतं. दिवसा खाली अंथरून त्यावर खेळू दे.

ताई, मोंटाना: आण आत्या, खिडकीपाशी अंथरते. आणि अजून एक सर्वांना: बाळाला गाडीच्या सीटवर बांधताना जाड जॅकेट घालत नाही, ते धक्क्याने दबतं आणि पट्टा सैल पडतो. पट्टा अंगाला लावून वरून पांघरूण घालते. व्हिडिओत बाळ पातळ कपड्यात दिसलं तर घाबरू नका.

काका, साखळी: बरं झालं सांगितलंस, नाहीतर मी पहिलाच फोन केला असता. मोपाच्या विमानतळावर गाडी मी घेऊन येतो. आई, बॅगा आदल्या रात्री वजन करून ठेव.