पीएसएमए पेट स्कॅन उगाच सांगत नाहीत

वडिलांच्या प्रोस्टेट कॅन्सरसाठी बोन स्कॅन आणि सीटी झाल्यावर पुन्हा पीएसएमए पेट स्कॅन (या कॅन्सरच्या पेशी अंगात कुठे कुठे आहेत ते दाखवणारा स्कॅन) कशाला, असं तुम्ही विचारलंय. खर्च मोठा आहे, काळजी समजते. पण ग्लीसन स्कोअर (बायोप्सीवरून ठरणारा, कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा) जास्त असेल तर हा स्कॅन टाळू नका. 2020 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या 302 रुग्णांच्या अभ्यासात या स्कॅनची अचूकता 92 टक्के भरली, सीटी आणि बोन स्कॅनची मिळून 65. आजार लिम्फ नोडमध्ये (लसिका गाठींमध्ये) गेलाय हे आधी कळलं, तर ऑपरेशन की रेडिएशन हा बेतच बदलू शकतो. मात्र बरगडीवर एखादा पुसट ठिपका दिसला म्हणून घाबरून जाऊ नका. जुन्या फ्रॅक्चरमुळेही तसं दिसतं. आधीच्या स्कॅनच्या सीडी सोबत न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही.