हिवाळ्यात मित्रमंडळींसोबत पायी भटकलात? लिहा इथे

मफलरवाली
काल माळा आवरत होते. ट्रंकेत तळाशी जुना मरून मफलर सापडला. झटकायला गेले तर हाताला टोचलं. कुसळं! अजून तशीच रुतलेली, तीस वर्षं होत आली.

जानेवारी 1996. आम्ही सहा जणी, इंदूरच्या राजेंद्र नगर स्टेशनवरून सकाळची छोटी गाडी, पातालपानीला उतरलो आणि रुळांच्या कडेकडेने कालाकुंडला निघालो. घरी सांगितलं होतं लायब्ररी. रुळांखालच्या स्लीपरवरून चाललेल्यांना माहीत असेल, एकेक टाकावा तर पाऊल तोकडं पडतं, दोन टाकावेत तर उडी मारावी लागते. एका पुलावर आमच्या लंबूची चप्पल निसटली ती थेट खाली नाल्यात. मग माझा मफलर तिच्या पायाला गुंडाळला आणि उरलेली वाट ती तशीच चालली, गवतातून, गोट्यांवरून. वाटेत एका शेतात आजीबाई हरभऱ्याचे छोड भाजत बसल्या होत्या. "कां जई रिया हो बेटा?" म्हणाल्या आणि उत्तर ऐकायच्या आधीच ओंजळभर हातात. ओठ काळे, बोटं काळी.

घरी आल्यावर आईने ओठांकडे बघितलं आणि विचारलं, "लायब्ररीत शेकोटी होती वाटतं?"

तुमचं सांगा. मफलर धुऊ की नको, हेही सांगा.

भुट्टेकीस
नका धुऊ!!! आणि कालाकुंडचा कलाकंद राहिला की लिहायचा. पळसाच्या पानातला. त्याच्याशिवाय ही गोष्ट अर्धी आहे ताई.

रेल्वेकाका
रुळांवरून चालणं तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. नोकरीत असतो तर सहाही जणींना खाली उतरवलं असतं. असो. कलाकंद तिथे का खपायचा ते सांगतो. कालाकुंडहून पातालपानीकडे घाट चढायला गाडीला जादा इंजिन लावायचे. ते लागेपर्यंत लोकांना खाली उतरायला वेळ, आणि विकणाऱ्यांचं तेवढ्यात साधायचं. वर टंट्या मामांच्या, म्हणजे टंट्या भिल्लाच्या देवळापाशी गाडी क्षणभर थांबायचीच, नवा ड्रायव्हर आला तरी त्याला आधी हे सांगितलं जाई. 2018 पासून त्या साडेनऊ किलोमीटरवर हेरिटेज गाडी आली. काचेचे मोठे डबे. बसून बघा, चालू नका.

मफलरवाली
काका, सॉरी 🙏 तेव्हा तुम्ही नव्हता हे नशीब.

पुणेकर_पण_मूळ_रामबागेचा
छोड म्हणजे आमचा हुळा ना? की सोलाणे?

भुट्टेकीस
हुळा म्हणजे भाजलेला. सोलाणे म्हणजे सोललेले हिरवे दाणे. छोड म्हणजे अख्खं झाड मुळासकट. पुण्यात जाऊन विसरलास भिया.

पुणेकर_पण_मूळ_रामबागेचा
विसरलो नाही, इथे मिळत नाही म्हणून तोंडातून शब्द गेला. बाजारात जुडी दिसते तीसुद्धा वाळकी.

थंडीचा_शत्रू
आमचं जानापाव, महूजवळचा डोंगर. पहाटे साडेचारला स्कूटरींवर निघालो, महूच्या पुढे बोटं बधिर, ब्रेक दाबलाय की नाही तेच कळेना. पायथ्याला गाड्या लावून वर चढलो. चंबळ इथे उगम पावते, एवढं शाळेत पाठ केलेलं, म्हणून डोळ्यांसमोर मोठी नदी. वर बघतो तर एक कुंड. एकाने पैज लावली, पाण्यात उतरला तर गराडू माझ्याकडून. आमचा एक उतरला. बाहेर आला तेव्हा दात असे वाजत होते की पुजारीबाबांनी स्वतःची घोंगडी दिली आणि आम्हा बाकीच्यांना अर्धा तास झापलं. गराडू अजून बाकी आहेत. पैज लावणारा आता बँकेत मोठा साहेब आहे, फोन उचलत नाही.

बडोदेकर_सूनबाई
आमच्याकडे बडोद्यात स्वेटर पंधरा दिवस बाहेर येतो नि परत जातो, त्यामुळे अनुभव नाही. पण गराडू घरी कसे करायचे? सासूबाई म्हणतात ते सुरणच आहे.

भुट्टेकीस
सुरण नाही हो! लांबट कंद असतो, सोलताना हाताला खाज येते, तेल लावून घ्या. तुकडे करून एकदा तळायचे, काढून ठेवायचे, खायच्या वेळी परत तळायचे. वर लिंबू आणि जीरावन मसाला. जीरावन नसेल तर करूच नका.

ग्वाल्हेरचं_धुकं
तिघऱ्याच्या धरणाकडे चाललो होतो, चौघं. धुकं इतकं की पुढच्याची पाठ दिसेना, म्हणून प्रत्येकाने पुढच्याच्या स्वेटरचं टोक धरलेलं. तासभर चाललो, दोन्हीकडे मोहरीचा वास, म्हणजे वाट बरोबर. एक चहाची टपरी दिसली, आनंदाने बसलो. चहावाला म्हणाला, "अभी तो गए थे आप लोग." मोरेन्याची गजक होती खिशात, ती तिथेच संपवली आणि घरी आलो. धरण बघायचं राहिलंच.

एक_सायकल_कमी
आम्ही पाच जण दर डिसेंबरात इंदूरजवळच्या चोरलला जायचो. 2021 नंतर चार. गेलोच नाही मग.

रेल्वेकाका
जा रे बाळा. चौघं जा.

थंडीचा_शत्रू
🙏 नाही जमलं चौघांचं तर आमच्यात या. आमच्यातही एक फोन न उचलणारा कमी आहेच.

वाचनमात्र
कुकर लावून वाचतेय, शिट्ट्या मोजायच्या विसरले. चार झाल्या की पाच?

भुट्टेकीस
पाच. बंद करा.

मफलरवाली
नाही धुतला. फोटो लंबूला पाठवला, ती आता कॅनडात बर्फात असते. दोन मिनिटांत उत्तर: "माझी दुसरी चप्पल तुझ्याकडेच होती ना? तीही शोध."

परत माळ्यावर चढतेय.