मोजे की शाल? मधेच उठावे लागले की पुढची ओळ हरवते

अर्धी_ओळ

नमस्कार. टाके घालणे, सुलट-उलट विणणे आणि टाके बंद करणे एवढे मला व्यवस्थित येते. मफलर आणि टोप्या बऱ्याच विणून झाल्या आहेत. गेल्या वर्षी हौसेच्या भरात दोन कामे एकदम सुरू केली, नवऱ्यासाठी मोजे आणि स्वतःसाठी जाळीच्या विणीची त्रिकोणी शाल, आणि आज दोन्ही अर्धवट पडून आहेत.

घरात सहा आणि तीन वर्षांच्या दोन मुली आहेत, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सासूबाईंना उठताबसता आधार लागतो आणि माझी नोकरी पूर्ण वेळेची आहे. विणायला दिवसाकाठी तासभर मिळतो, नाही असे नाही. मात्र तो सात मिनिटे, चार मिनिटे, झोपण्यापूर्वीची वीस मिनिटे अशा तुकड्यांत मिळतो आणि प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी हाकेने संपतो. परत सुया हातात घेतल्यावर शालीची ३७वी ओळ चालू होती की ३९वी, हेच आठवत नाही. अंदाजाने पुढे जावे, तर आठ-दहा ओळींनंतर नक्षी सरकलेली दिसते. आतापर्यंत ती शाल तीनदा मुळापासून उसवली आहे. ओळी मोजण्याचे छोटे यंत्र आणून पाहिले, तर धाकटीने त्याची चाके फिरवून ते ८८वर नेऊन ठेवले.

मोज्यांपैकी एक पूर्ण झाला आहे. दुसरा टाचेच्या पट्टीवर पाच महिन्यांपासून अडकला आहे, कारण पट्टीच्या किती ओळी झाल्या हे मी कुठेच लिहून ठेवले नव्हते. एकूण टाके ६४ आहेत आणि सुई २.२५ मिमीची आहे.

अशा तुकड्यातुकड्यांच्या वेळात यांपैकी कोणते काम हाती धरावे आणि कोणते बाजूला ठेवावे, आणि मधेच उठावे लागले तर खूण कशी ठेवावी, हे कृपया सांगावे. ‘तयार मोजे विकत मिळतात की’ हे उत्तर मला घरातच मिळालेले आहे, त्यामुळे ते इथे नको.


सुलट_उलट

रोज तासभर मिळत असेल, तर मोज्यासाठी तेवढा वेळ पुरेसा आहे. ६४ टाक्यांची एक फेरी दोन-तीन मिनिटांत होते, त्यामुळे तुमच्या चार मिनिटांच्या तुकड्यातही एक फेरी पदरात पडते. तेव्हा मोजेच हाती धरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडलेली टाच आधी सोडवू. किती ओळी झाल्या हे तुम्ही लिहिले नसले, तरी मोज्याने ते लिहून ठेवले आहे. टाचेची पट्टी निम्म्या टाक्यांवर, म्हणजे तुमच्या बाबतीत ३२ टाक्यांवर विणली जाते, आणि प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता दुसऱ्या सुईवर सरकवलेला असतो. त्यामुळे पट्टीच्या दोन्ही कडांना वेणीसारखी साखळी दिसते. त्या साखळीची एक कडी म्हणजे दोन ओळी. पट्टी उजेडात धरून, कड थोडी ताणून कड्या मोजाव्यात. १६ कड्या भरल्या की ३२ ओळी पूर्ण झाल्या. त्याच १६ कड्यांमधून पुढे बाजूचे टाके उचलायचे असल्यामुळे ही मोजणी दुहेरी उपयोगाची आहे.

यानंतरची टाच वळवण्याची पायरी लोकांना उगाचच अवघड वाटते. ३२ टाक्यांवरून १८ टाक्यांवर यायचे आणि प्रत्येक ओळीत एक टाका कमी करायचा, म्हणजे हे अवघ्या १४ ओळींचे काम आहे, आणि त्या ओळीही पूर्ण रुंदीच्या नसतात. जिथून आपण मागच्या वेळी वळलो तिथे दोन टाक्यांमध्ये बारीक फट दिसते. फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र विणायचा, पुढचा एक साधा विणायचा आणि वळायचे. फट दिसत असल्यामुळे मधे उठलात तरी काही बिघडत नाही. तरीही ही एक पायरी झोपण्यापूर्वीच्या वीस मिनिटांसाठी राखून ठेवा.

मग दोन्ही कडांचे १६-१६ टाके उचलले, की सुईवर १८, ३२ आणि पायाच्या वरच्या बाजूचे ३२ मिळून ८२ टाके होतात. ते एकाआड एक फेरीत दोनदोनने कमी करत पुन्हा ६४वर आणायचे, म्हणजे घट करण्याच्या फेऱ्या नऊ. इथेही घटवलेले टाके तिरप्या रेषेत उठून दिसतात, ते मोजता येतात.

मापाविषयी थोडे. मोजा पावलापेक्षा साधारण दहा टक्के अरुंद हवा, नाहीतर तो बुटात गोळा होतो. पावलाचा घेर २२ सेंमी असेल तर मोज्याचा घेर २० सेंमी धरावा. तुमच्या विणीत १० सेंमीला ३२ टाके बसत असतील तर ६४ हा आकडा बरोबर आहे. सुई मात्र नेहमी मिलिमीटरमध्येच लिहून ठेवा. जुन्या ब्रिटिश क्रमांकांत २.२५ मिमीची सुई १३ नंबरची असते आणि अमेरिकन क्रमांकांत तीच १ नंबरची. एका पद्धतीत आकडा वाढला की सुई बारीक होते, दुसरीत जाड होते. या घोळात माझा एक अख्खा मोजा वाया गेला आहे.

दुसरा मोजा सुरू करण्यापूर्वी पहिल्याची नोंद करून ठेवावी, हे आता सांगून उपयोग नाही. तरी पुढच्या जोडीच्या वेळी दर दहाव्या फेरीत एक खुणेची कडी अडकवत जा आणि मोजा पूर्ण झाला तरी ती काढू नका. किंवा लांब केबलच्या एकाच गोल सुईवर दोन्ही मोजे शेजारीशेजारी विणा, म्हणजे दुसरा मोजा मागे राहण्याचा प्रश्नच उरत नाही.


बाबा_विणतात

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण लहान मुले घरात असताना दोन्ही मोजे एकत्र विणण्याचा सल्ला मी देणार नाही. दोन मोजे म्हणजे दोन गुंडे, आणि दोन गुंडे म्हणजे त्यांच्यामधून धावणारे एक मूल. तो गुंता सोडवण्यात माझा एक अख्खा रविवार गेला होता.

एक मोजा मात्र लांब केबलच्या गोल सुईवर जरूर घ्या. मी पूर्वी दोन्ही टोकांच्या पाच आखूड सुयांवर विणत असे. एक सुई सोफ्याच्या फटीत जायची, दुसरी निसटली की तिच्यावरचे १६ टाके मोकळे व्हायचे. ८० किंवा १०० सेंमीची गोल सुई घेऊन टाके दोन भागांत वाटायचे आणि जादा केबल मधल्या फटीतून बाहेर काढायची, या पद्धतीला मॅजिक लूप म्हणतात. यात हाक आली, की चालू अर्धी फेरी तेवढी संपवायची, सगळे टाके केबलवर सरकवायचे आणि दोन्ही टोके ओढून उठायचे. मुलीने पिशवीतून मोजा ओढून काढला तरी टाके सहसा उतरत नाहीत.


जाळीवाली

इथे सगळे मोज्यांच्या बाजूने बोलत असल्यामुळे शालीची बाजू मला मांडावी लागते आहे.

ताई, शाल सोडून देऊ नका; फक्त दर वेळी मुळापासून उसवणे थांबवा. जाळीत धागा पुढे घेऊन केलेली भोके असतात, आणि एक टाका सुटला की तो त्या भोकांतून भलत्याच वाटेने खाली उतरतो, म्हणून आपण घाबरून सगळेच उसवतो. यावर सोपा उपाय आहे. नक्षीची एक पट्टी पूर्ण झाली, की उलट बाजूची साधी ओळ विणून झाल्यावर, बोथट सुईत वेगळ्या रंगाचा, गुळगुळीत सुती दोरा ओवून तो सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून आरपार न्यावा. खुणेच्या कड्या तेवढ्या वगळाव्यात, त्यांच्यातून दोरा गेला तर त्या जागच्या जागी अडकून पडतात. दोऱ्याची दोन्ही टोके वीतभर बाहेर सोडावीत आणि खाली कागदाच्या चिठ्ठीवर ओळीचा आकडा लिहून ती टोकाला बांधावी. पुढे कितीही चुकले तरी सुई काढून घ्यायची, त्या दोऱ्यापर्यंत उसवायचे आणि दोऱ्यावर थांबलेले टाके पुन्हा सुईवर घ्यायचे. माझ्या शालीत असे तीन दोरे कायम असतात. लोकरीचा दोरा वापरू नका, तो टाक्यांच्या तंतूंत अडकतो.

दुसरी गोष्ट, नक्षीच्या प्रत्येक आवर्तनानंतर खुणेची कडी ठेवा. मग चूक झाली तर ३०० टाके मोजावे लागत नाहीत, दोन कड्यांमधले दहा-बारा मोजले की पुरते.

आणि या वर्षी जाळी झेपणार नाही असे वाटत असेल, तर पूर्ण सुलट विणीची त्रिकोणी शाल घ्या. तिथे विसरण्यासारखे काही नाही. मानेच्या मध्यापासून चार-पाच टाक्यांनी सुरुवात होते आणि दर दोन ओळींना चार टाके वाढतात, दोन कडांना आणि दोन मधल्या टाक्याच्या अल्याडपल्याड. आपण कोणत्या बाजूला आहोत हे कळावे म्हणून पुढच्या बाजूला एक सेफ्टी पिन लावली की झाले. मोज्याला टाच आहे, पंजा आहे, शेवटचे टाके सुईदोऱ्याने जोडणे आहे. या शालीत त्यातले काहीही नाही. उलट_सुलट यांचा (माफ करा, सुलट_उलट यांचा) मोज्यांचा आग्रह मला म्हणूनच पटत नाही.

एका बाबतीत मात्र अशी शाल फसवते. ओळ दर वेळी लांबत जाते, त्यामुळे निम्म्या ओळी झाल्या म्हणजे निम्मे काम झाले असे होत नाही. २०० ओळींची शाल १०० ग्रॅम लोकरीत बसत असेल, तर १००व्या ओळीला जेमतेम २५ ग्रॅम संपलेली असते, १४०व्या ओळीच्या आसपास निम्मी लोकर संपते, आणि शेवटच्या ६० ओळी उरलेली निम्मी खातात. आपला वेग मंदावला असे समजून बरेच जण नेमके इथे काम टाकून देतात, वास्तविक वेग तोच असतो. या टप्प्यावर गुंडा वजनकाट्यावर ठेवून प्रत्येक ओळीला किती ग्रॅम लागतात ते पाहावे, आणि टाके बंद करण्यासाठी दोन-तीन ओळींची लोकर राखून ठेवावी. माझी एक शाल शेवटच्या कडेला हातभर लोकर कमी पडल्याने वेगळ्या रंगात बंद झाली आहे. लोक तिला डिझाइन समजतात आणि मी काही बोलत नाही.


धुऊन_आटली

कोणतेही काम पूर्ण होण्यापूर्वीच घरातल्या सर्वांना एक गोष्ट सांगून ठेवा: हे कपडे धुण्याच्या यंत्रात जाणार नाहीत. माझी सात महिन्यांची शाल घरातल्या एका अत्यंत मदतशील व्यक्तीने टॉवेलांबरोबर गरम पाण्यात फिरवली आणि ती बाहुलीच्या पांघरुणाएवढी होऊन बाहेर आली. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणे हे तिन्ही एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात, आणि एकदा आटलेली वीण पुन्हा मोकळी होत नाही.

मोज्यांसाठी म्हणूनच सुपरवॉश म्हणून मिळणारी, खवल्यांवर प्रक्रिया केलेली लोकर घ्यावी, आणि तीत ७५ टक्के लोकर व २५ टक्के नायलॉन असेल तर उत्तम, कारण नुसत्या मऊ लोकरीचे मोजे टाचेत लवकर विरतात. शाल कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि टाचण्या लावून, ताणून वाळवावी. जाळीची नक्षी त्यानंतरच खरी उघडते. त्याआधी ती चुरगळलेल्या चिंधीसारखी दिसते, म्हणून नाउमेद होऊ नये.


अर्धी_ओळ

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहीत आहे.

त्याच रात्री मोजा काढून कड्या मोजल्या, त्या १३ भरल्या. खात्री वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून, सुईच्या टोकाने एकेक कडी बाजूला करत मोजल्या, त्याही १३. म्हणजे २६ ओळी झालेल्या होत्या. पाच महिने जे काम अडून बसले होते, ते सहा ओळींचे होते! टाच दोन रात्रींत वळली, टाके उचलून ८२ झाले आणि आता घट करण्याच्या नऊपैकी पाच फेऱ्या झाल्या आहेत. सासूबाईंनी मोजणीचे काम स्वतःकडे घेतले आहे आणि मी न विचारता त्या ‘अजून चार’ असे सांगतात.

जाळीची शाल या वेळी उसवली नाही. दोन आवर्तने मागे जाऊन नक्षी जिथे नक्की बरोबर आहे तिथे दोरा ओवला, चिठ्ठी बांधली आणि पिशवीत ठेवून दिली. साधी सुलट विणीची शाल मोज्यानंतर सुरू करीन.

एक शंका उरली आहे. जिथे टाचेची पट्टी संपते आणि पायाच्या वरच्या बाजूचे टाके सुरू होतात, त्या कोपऱ्यात दोन्हीकडे चांगले मोठे भोक दिसते आहे. पहिल्या मोज्यातही तसेच आहे. हे माझे चुकले, की असे होतेच?


सुलट_उलट

तुमचे काही चुकलेले नाही, त्या कोपऱ्यात दोन दिशांची वीण भेटते आणि धागा ताणला जातो. पुढच्या जोडीच्या वेळी कडेचे १६ टाके उचलून झाले, की कोपऱ्यातला दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईवर घेऊन, त्याला पीळ देऊन विणावा, म्हणजे एक जादा टाका मिळतो; पुढच्या फेरीत तो शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र विणून टाकावा. पीळ न देता उचलला तर भोक बुजण्याऐवजी सरकून शेजारी जाते. सध्याच्या दोन्ही मोज्यांना त्याच लोकरीचा तुकडा घेऊन आतल्या बाजूने, भोकाभोवतीच्या टाक्यांमधून गोल फिरवून हलकेच ओढून घ्या. फार आवळू नका, तिथे पाऊल वाकते.