मदत हवी आहे : थायरॉइडचे निदान तुमच्या बाबतीत कसे झाले?

नमस्कार. माझी मोठी बहीण ४४ वर्षांची आहे. गेली दोन वर्षे तिला सतत थकवा जाणवत होता, वजन वाढत होते, बद्धकोष्ठता होती आणि इतरांना उकडत असताना ती शाल पांघरून बसत असे. पण आम्ही घरच्यांनी हे सारे पाळी जाण्याच्या वयाचे मानले, आणि याची मला फार खंत वाटते. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या रक्ततपासणीत तिचे टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला काम करायला लावणारे संप्रेरक) ७.८, म्हणजे थोडे वाढलेले आले. फ्री टी-४ (थायरॉइड ग्रंथी स्वतः तयार करते ते संप्रेरक) मात्र मर्यादेत आहे. दोन-तीन महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करून सोबत अँटी-टीपीओ प्रतिपिंडेही (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करत असल्याची खूण) पाहावीत, असे डॉक्टरांनी सुचवले आहे.

केस गळतात म्हणून ती बायोटिनच्या (एका ब जीवनसत्त्वाच्या) गोळ्या घेत होती. बायोटिनमुळे काही प्रयोगशाळांच्या पद्धतींत टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसू शकते, हे आम्हाला नंतर समजले, त्यामुळे पुढील तपासणीपूर्वी त्या गोळ्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांना विचारणार आहोत.

ज्यांचे टीएसएच असेच थोडे वाढलेले होते, त्यांनी कृपया सांगावे : तपासणीपर्यंत तुम्ही कशामुळे पोहोचलात, फेरतपासणीत आकडा आपोआप खाली आला का, आणि औषध सुरू करण्याचा निर्णय आकड्यावरून झाला, प्रतिपिंडांवरून की त्रासावरून? पूर्वी कोणी केवळ वयाचे कारण सांगून परत पाठवले असल्यास तोही अनुभव अवश्य लिहावा.