अनुभव धागा: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, त्याची आखणी आणि ब्लॅक बुक

शेवटचं वर्ष सुरू झालं की ग्रुप पाडणं, विषय शोधणं, गाईड मिळवणं यांची धांदल उडते. माझ्याकडे नात्यातली, सोसायटीतली मुलं येतात आणि म्हणतात, "दादा, चांगला विषय सांग ना." विषय मिळतो. त्यानंतर काय ठरवायचं आणि ते कुठे लिहून ठेवायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. मग परीक्षेच्या तोंडावर सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा थोडक्यात आराखडा), एसआरएस (सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं याची लेखी मांडणी), आकृत्या, चाचण्यांचे तक्ते सगळं एकदम उभं करावं लागतं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी करतो. आधी लिहिलेलं काम आणि नंतर लिहिलेलं काम यांतला फरक रोज बघतो, म्हणून हा धागा काढावासा वाटला.

डिप्लोमा, बीएस्सी आयटी, बीसीए, एमसीए, बीई, सगळ्यांनी लिहा. शिक्षकांनी तर नक्की लिहा. चार ओळीही चालतील, पण प्रत्यक्ष घडलेलं सांगा.

डिप्लोमा कॉम्प्युटर, सांगली जिल्हा

आमच्या आय स्कीममध्ये (आमच्या वेळच्या डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात) कॅपस्टोन, म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दोन सत्रांत होता. पाचव्यात नुसतं प्लॅनिंग आणि सहाव्यात प्रत्यक्ष काम. पाचव्या सत्रात कोड लिहायचाच नाही म्हटल्यावर ग्रुपमध्ये नाराजी होती. पण आमचा प्रोजेक्ट त्याच सत्रात उभा राहिला.

विषय होता गावातल्या दूध संकलन केंद्राची नोंद आणि बिलं. आमच्या मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "एसआरएस नेटवरून आणू नका, डेअरीत जाऊन आणा." मग पहाटे संकलनाच्या वेळी जाऊन उभं राहायला लागलो. तिथल्या काकांशी बोलताना जे कळलं ते नेटवरच्या लायब्ररी मॅनेजमेंटच्या कुठल्याच तयार नमुन्यात सापडलं नसतं. बिल दर दहा दिवसांनी निघतं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. शेवटचा टप्पा कधी ८ दिवसांचा, कधी ९, कधी १०, कधी ११. बिलातून पशुखाद्याचे पैसे आणि उचल कापली जाते. कपात बिलापेक्षा जास्त झाली तर बाकी पुढच्या बिलात ओढायची. गाईचा आणि म्हशीचा दरतक्ता वेगळा. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून बोलतात, त्याच्या वरखाली गेलं की दर बदलतो. लॅक्टोमीटरवरून एसएनएफ काढायच्या सूत्रातला स्थिरांक सगळीकडे एकच नसतो, म्हणून तो कोडमध्ये न गाडता सेटिंगमध्ये ठेवायचा, हे आम्ही आधीच लिहून ठेवलं.

सगळ्यात मोलाची ओळ काका सहज बोलून गेले: "पोरांनो, मागं रांग असती. मला माऊस हातात घ्यायला लावू नका." आमच्या एसआरएसमध्ये ती अशी गेली: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, डिग्री (लॅक्टोमीटरचा आकडा) ही नोंद फक्त अंकांच्या बटणांवर आणि एंटरवर पूर्ण झाली पाहिजे. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी याच ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ही कुठून आली?" आम्हाला सांगायला गोष्ट होती.

बीएस्सी आयटी, मुंबई

वर डेअरीवाल्यांनी लिहिलंय त्याला पूर्ण अनुमोदन. माझी छोटी भर. आम्ही ब्लॅक बुकची (प्रोजेक्टच्या बांधीव अहवालाची) अनुक्रमणिका पहिल्याच आठवड्यात टाईप केली आणि प्रत्येक रिकाम्या प्रकरणापुढे कुणाचं नाव, हे ठरवलं. स्क्रीनशॉट काम होईल तसे, तारखेसकट एका फोल्डरमध्ये टाकत गेलो. शेवटी स्क्रीन बदललेल्या असतात, जुन्या चुका दाखवायला काही उरत नाही. आमच्या चाचणीच्या प्रकरणात आधी नापास आणि दुरुस्तीनंतर पास असे दोन्ही स्क्रीनशॉट होते, आणि सरांना तेच आवडलं.

प्राध्यापिका, मराठवाडा

मी गाईडही असते आणि एक्स्टर्नल म्हणून इतर कॉलेजांतही जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्लॅक बुक हातात आलं की मी सर्टिफिकेट, आभार, ॲबस्ट्रॅक्ट ओलांडून थेट टेस्ट केसेस उघडते. सगळ्या ओळींपुढे 'पास' असेल तर मला शंका येते. मग क्लास डायग्राम (कोडचे भाग, म्हणजे क्लास, आणि त्यांचे संबंध दाखवणारी आकृती) बघते आणि त्यातला एक क्लास कोडमध्ये दाखवायला सांगते. पुष्कळदा तो क्लास कोडमध्ये नसतोच. आकृती सत्राच्या सुरुवातीला काढलेली असते, कोड पुढे गेलेला असतो आणि दोघांची पुन्हा गाठ पडलेली नसते. मुलं हुशार असतात, काम त्यांनीच केलेलं असतं, पण कागद त्यांच्या बाजूने बोलत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट आवाक्याची. आमच्या अभ्यासक्रमात बॅरी बोहेम यांचं १९८१ चं कोकोमो मॉडेल असतं, कोडच्या ओळींवरून मेहनतीचा अंदाज काढायचं. मुलं सूत्र पाठ करतात, उत्तर छापतात, वापरत मात्र नाहीत. मी त्यांना फळ्यावर करायला लावते. साध्या प्रकारच्या प्रोजेक्टसाठी कोडच्या ओळी हजारांत मोजायच्या, त्या आकड्याचा १.०५ वा घात घ्यायचा आणि २.४ ने गुणायचं. ५ हजार ओळी धरल्या तर सुमारे १३ मनुष्यमहिने येतात. या मॉडेलमध्ये एक मनुष्यमहिना १५२ तासांचा, म्हणजे जवळजवळ २००० तास. चौघांत वाटले तर प्रत्येकी ५०० च्या आसपास, आणि २६ आठवडे हातात असतील तर आठवड्याला १९ तास. तासिका, प्रॅक्टिकल, प्लेसमेंट सांभाळून कोण देणार इतके? हे गणित झालं की वर्ग शांत होतो आणि मुलं आपणहून सिनॉप्सिसमधली निम्मी मॉड्यूल खोडतात. आकडा अचूक नसतो, मॉडेल जुनं आहे, पण आवाका ठरवायला त्याच्यासारखी गोष्ट नाही.

आणि कृपा करून 'आम्ही वॉटरफॉल (एक पायरी संपली की पुढची, अशी पद्धत) वापरला' असं एका परिच्छेदात उरकू नका. विन्स्टन रॉइस यांनी १९७० च्या लेखात ती पायऱ्यापायऱ्यांची आकृती काढली, आणि तिथेच सांगितलं की एवढ्यावर विसंबणं धोक्याचं आहे. शक्य असेल तर गोष्ट दोनदा बांधा, असाही सल्ला दिला. तुमच्या गटाने प्रत्यक्षात कुठे मागे वळून डिझाइन बदललं ते लिहा. तेवढं एक पान मला बाकीच्या पन्नास पानांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

एमसीए पहिलं वर्ष, नाशिक

मॅडम, एक शंका. रिक्वायरमेंट गोठवायची कधी? आमचे गाईड म्हणतात पहिल्या रिव्ह्यूनंतर काही बदलायचं नाही.

प्राध्यापिका, मराठवाडा

बदलायला हरकत नाही, पण बदलाची नोंद हवी. एसआरएसच्या पहिल्या पानावर आवृत्ती, तारीख, काय बदललं, का बदललं असा तक्ता ठेव आणि प्रत्येक बदलावर गाईडची सही घे. सही घेतलेला बदल रिव्ह्यूत अडत नाही.

बीई आयटी, पुणे

आमचा प्रोजेक्ट सार्वजनिक वाचनालयाच्या मराठी पुस्तकसूचीत शोध घेण्याचा. आम्ही 'निर्णयवही' ठेवली होती: प्रश्न काय, पर्याय कोणते, कुठला घेतला, कारण काय. एक निर्णय, पाच-सहा ओळी. ती कोडच्या रिपॉझिटरीतच होती, त्यामुळे कोणी कधी लिहिलं ते गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) दिसायचं.

मराठीत काम करणाऱ्यांनी ही वही ठेवावीच, कारण आपल्या अडचणी तयार उत्तरांत सापडत नाहीत. वाचनालयाची जुनी यादी युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेली होती, फॉन्ट काढला की नुसती अगम्य चिन्हं. आधी ती युनिकोडमध्ये आणावी लागली, आणि गँट चार्टमध्ये (कामाच्या वेळापत्रकाच्या तक्त्यात) त्यासाठी वेगळा पट्टा टाकावा लागला. 'हिंदी' आणि 'हिन्दी' एकच पुस्तक दाखवतील असं बघायचं होतं. 'दऱ्या' मधला र दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो, डोळ्यांना सारखाच दिसतो आणि शोधाला सापडत नाही. 'ज्ञानेश्वर' वाचताना चार अक्षरं, साठवताना १० संकेतांक, त्यामुळे नावाच्या रकान्याची लांबीही विचार करून धरावी लागली. ही वही पुढे जवळजवळ जशीच्या तशी इम्प्लिमेंटेशनचं प्रकरण झाली. साहित्यचोरीच्या तपासणीत तिथे कसलीच अडचण आली नाही, कारण ते सगळं आमचंच होतं.

बीसीए, कोल्हापूर

आमच्या चौघांतल्या एकीला मधेच इंटर्नशिप मिळाली आणि ती बंगळूरला गेली. लॉगिन आणि रिपोर्ट तिचे होते. जायच्या आधी तिने एक रीडमी लिहिली: प्रोजेक्ट नव्या लॅपटॉपवर कसा चालू करायचा, डेटाबेस कुठून भरायचा, काय अर्धवट आहे. तिच्यासमोरच आम्ही कोऱ्या मशीनवर तेवढंच वाचून प्रोजेक्ट चालू केला, जिथे अडलो तिथे तिने ओळ वाढवली. परीक्षेच्या दिवशी लॅबमधल्या मशीनवर तीच रीडमी कामी आली.

अजून एक, आत्ता सबमिशन असणाऱ्यांसाठी: हार्ड बाइंडिंगला टाकण्याआधी एक प्रत साधी स्पायरल करून गाईडना द्या. दुरुस्त्या पेनाने होतात, आणि सोनेरी अक्षरातलं नाव छापायच्या आधी शीर्षकाचं स्पेलिंग त्यांच्या नजरेखालून जातं.