संस्थेचा लोगो बदलायचाय, मदत हवी आहे (तातडीची)

कृष्णाकाठची
सांगली जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आमची संस्था साखरशाळा चालवते. लोगो फार जुना आहे: दोन तळहात, त्यात मूल, मागं सूर्य, पुढ्यात पुस्तक, खाली गोलाईत नाव. पावतीपुस्तकावर छापला की नुसता काळा डाग उमटतो. एका डिझायनरनं नवे नमुने दिलेत, सगळ्यांत इंद्रधनुष्य. रंग कोणते घ्यावेत? हंगाम तोंडावर आलाय, बोर्ड रंगवायला टाकायचेत. लवकर सांगा.

पेठेतला पेंटर
रंगाचं नंतर. नाव तेच राहणार का? बजेट किती? जुन्या लोगोची सीडीआर (कोरलड्रॉमधली मूळ फाइल) आहे, का व्हॉट्सॲपवर फिरून फिरून फाटलेला जेपीजी?

मिरजकर७
निळा घ्या. युनिसेफचाही निळाच आहे, लोकांना लगेच विश्वास वाटतो.

पेठेतला पेंटर
म्हणूनच नको! गावात लोक विचारतील, तुम्ही त्यांचेच का?

हिशेबनीस
८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी) आहे का? नसेल तर आधी ते करा. देणगीदाराला करसवलतीचं प्रमाणपत्र मिळालं नाही तर लोगो कितीही देखणा असून काय उपयोग?

कृष्णाकाठची
८०जी आहे हो, प्रश्न तो नाही. सीडीआर नाही, जेपीजीच आहे. नाव मोठं आहे, अध्यक्ष म्हणतात आटोपशीर करू.

हिशेबनीस
हे आधी सांगायचं ना! नोंदणीतलं नाव बदललं तर धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज लागतो. हंगामाआधी होणार नाही. नाव तेच ठेवा.

साखरशाळेची बाई
मी कारखान्याच्या तळावर शिकवलंय, म्हणून कळकळीनं लिहिते. ते तळहात आधी काढा. तळहातावरचं मूल म्हणजे कायम कुणाच्या तरी दयेवर. आमच्या वर्गातल्या मुली धाकटं भावंड कडेवर घेऊन यायच्या, एका हातानं त्याला सावरत दुसऱ्या हातानं पाटीवर लिहायच्या. आईबाप पहाटेच फडात गेलेले असायचे. या मुलांना बिचारं दाखवू नका. चित्र काढायला सांगितलं की बहुतेक जण बैलगाडीच काढायचे. त्यातलंच एखादं घ्या. आणि पत्रकावर मुलांचे फोटो नकोत. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४ वाचा.

मिरजकर७
ते कलम काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्याचा आरोप असलेल्या (विधिसंघर्षग्रस्त) बालकांची ओळख उघड करण्याबद्दल आहे. साखरशाळेतल्या प्रत्येक मुलाला कसं लागू होईल? फोटोशिवाय देणगी येत नाही.

साखरशाळेची बाई
लागू असो नसो, आईबापांना विचारल्याशिवाय फोटो छापायचा नाही. पाठमोरा घ्या, हात घ्या, वही घ्या.

पेठेतला पेंटर
बैलगाडीचं चाक आणि पाटी, एवढंच ठेवा. आधी एका रंगात, नखाएवढं काढून बघा. रबरी शिक्क्यावर स्वच्छ उठलं तर फ्लेक्सवरही उठेल आणि पत्र्यावरही. नावाला मुक्त किंवा बलू फॉन्ट घ्या, दोन्ही फुकट आणि युनिकोड आहेत. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये करून घेऊ नका, पुढं दुसऱ्या कॉम्प्युटरवर अक्षरांची खिचडी होते. डिझायनरकडून सीडीआर आणि एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी फाइल) दोन्ही मागून घ्या, पैसे चुकते करायच्या आधी.

मिरजकर७
चाक म्हटलं की लोकांना निवडणूक चिन्ह वाटेल.

कृष्णाकाठची
नाव तेच ठेवतोय. बाई, मुलांनी काढलेलं चित्र वापरायचं तर त्यांच्या घरच्यांची परवानगी लेखी घ्यायची का? बरेचजण अंगठा उठवतात. आणि पेंटरभाऊ, पत्र्याच्या बोर्डाला ऑइल पेंट की रेडियम?